करड्या कंदिलांची वंशावळ

अण्णांना जाऊन चार महिने झाले. भेटायला येणारी माणसं बोलतात ती विमान कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनविषयी, नाहीतर मठात आराधनेच्या पंगतीला वाढणाऱ्या हयवदनरावांविषयी. ते सगळं खरंच आहे. पण कपाळाला गोपीचंदन लावून, उपरणं खांद्यावर घेऊन, रेडिओवरच्या विलायती गिटारी डोळे मिटून ऐकणारे अण्णा फार थोड्यांना माहीत होते. त्यांतल्या एका माणसाशी माझं लग्न झालं, तेव्हा ती हकीकत मीच सांगायला हवी.

हा नाद त्यांना सत्तावन्न साली लागला. आईचा चष्मा दुरुस्त करून आणायला ते कँटोनमेंटात गेले होते. शेजारच्या दुकानात ग्रामोफोनवर एक तबकडी लागली होती. अण्णा बाहेर उभे राहिले. तबकडी संपली, दुकानदाराने ती पुन्हा लावली, अण्णा उभेच. संध्याकाळी ते घरी आले ते चष्म्याशिवाय. "तुमच्या अण्णांना गाणं लागलं नि मला आठ दिवस चाचपडावं लागलं," असं आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

ते ताल धरत नसत, मान हलवत नसत. पाठ ताठ, हात मांडीवर, पुराणाला बसावं तसे बसत. उजव्या पायाचा अंगठा तेवढा धोतराच्या काठाखाली हलायचा. एकादशी ते निर्जळी करत, पण शनिवारी संध्याकाळचा सिलोनचा इंग्रजी कार्यक्रम चुकवत नसत. दोन्ही एकाच दिवशी आलं तेव्हा आई म्हणाली, "आज तरी तुमच्या त्या गोंधळ्यांना सुट्टी द्या."

"उपास पोटाचा धरलाय, कानाचा नाही."

"मग स्वल्प आवाज तरी कमी करा. तुळशीची पानं गळायला लागलीत."

नुसतं ऐकण्यावर भागलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमची घराणी बेंगळुरात आली ती शहाजीराजांबरोबर. तीनशे वर्षांत भाषेत निम्मं कन्नड मिसळलं, जेवणात निम्म्याहून जास्त. शाबूत राहिल्या त्या वंशावळी. आमच्यात नवा माणूस भेटला की आधी त्याचा पणजा कोण ते विचारतात. अण्णांनी तेच गिटारवाल्यांच्या बाबतीत सुरू केलं. कुठल्या बँडमधून कोण फुटला, कुणाचा ढोलवाला कुणी पळवला, नाव कुणाकडे राहिलं. बोटीने येणारी विलायती साप्ताहिकं तीन महिन्यांनी जुन्या पुस्तकवाल्याकडे रद्दीत यायची, ती अण्णा आणत. त्यांतून नि रेडिओवरून मिळेल ते वहीत उतरवून ठेवत. शब्द त्यांच्याकडे वंशावळीचेच होते. एका बँडमधला माणूस दुसऱ्या बँडमध्ये गेला की 'दत्तक गेला'. बँड मोडला की 'वाटण्या झाल्या'. नावावरून कज्जा झाला की 'भाऊबंदकी'. पहिलीच तबकडी पडली नि मंडळी पांगली, तर 'निर्वंश'.

आणि हे सगळं मोडीत. आजोबांनी त्यांना मोडी शिकवली होती. रेडिओवरचा निवेदक भरभर बोलायचा. देवनागरीत प्रत्येक अक्षराला थांबावं लागतं. मोडीत रेघ आधीच ओढलेली असते, हात उचलावा लागत नाही. "इंग्रजांनी लघुलिपी उगाच काढली," अण्णा म्हणत. इंग्रजी नावं मोडीत नीट बसत नसत, म्हणून ज्या नावांचं भाषांतर होईल त्यांचं ते करून टाकत.

लिव्हरपूलच्या त्या चौघांची कीर्ती तेव्हा आमच्या चामराजपेटेतल्या मुलांपर्यंतही पोचली होती. अण्णांना ते बरे वाटत, त्याहून जास्त नाही. "त्यांचं लिहायला पुष्कळ लोक आहेत," म्हणत. त्यांचा जीव होता न्यूकासलच्या ग्रे लँटर्न्स नावाच्या बँडवर. या बँडच्या दोनच तबकड्या बऱ्या चालल्या होत्या नि बाकी सगळा काळ भांडणात गेला होता. त्यांच्या वहीवर अण्णांनी पहिल्या पानावर 'श्री' काढून खाली लिहिलं होतं: करडे कंदील यांची वंशावळ, राहणार नवाकोट.

आमच्या घराण्याची वंशावळही त्याच सुमारास त्यांनी नव्याने उतरवून काढली, कारण आजोबांच्या प्रतीला कसर लागली होती. दोन्ही वह्या चिकपेटेतल्या एकाच बांधणाऱ्याकडे दिल्या. त्याने दोन्हींना एकाच थानातलं लाल कापड लावलं.

पासष्ट साली मला पंचविसावं लागलं होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. दोन स्थळं येऊन गेली होती. एकांनी मुलगी फार वाचते असं कळवलं, दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही. तिसरे गुरुराज. टेलिफोन कारखान्यात इंजिनिअर. बघायला आले तेव्हा त्यांनीही विचारलं, सध्या काय वाचता. मी नाव सांगितलं. इथवर सगळेच येत. गुरुराज म्हणाले, "त्यात काय होतं?" मी सांगायला लागले. अर्ध्यावर आले तोवर उप्पिटाचं थंड ढेकूळ झालं होतं नि त्यांच्या मावशी घड्याळ बघत होत्या. उठताना ते म्हणाले, "उरलेलं पुढच्या वेळी."

पुढची वेळ यावी असं मला फार वाटलं. मी ते कुणाला बोलले नाही. आईला मात्र कळलं असावं, कारण तिने त्या दिवसापासून देवापुढे एक वात जास्त लावायला सुरुवात केली.

पुढची वेळ चार दिवसांत आली, पण वेगळ्या कामासाठी. गुरुराजांचे आजोबा, आप्पाजी, हे त्यांच्या घरातले कर्ते. जुन्या दप्तरखान्यात चाळीस वर्षं मोडी कागद वाचून निवृत्त झालेले. त्यांना शंका आली होती की चार पिढ्यांपूर्वी तंजावरात त्यांची नि आमची सोयरीक झाली असावी. मुलगा-मुलगी एकाच रक्ताची निघायला नकोत, म्हणून वंशावळ पाहायला पाठवा असा निरोप घेऊन गुरुराज सायकलवरून आले. अण्णा कारखान्यात. आई मठात. मी कपाट उघडलं, लाल वही काढली, पहिलं पान पाहिलं. 'श्री' होती, खाली ओळी होत्या. इंग्रजी, कन्नड, मराठी, थोडं संस्कृत एवढं वाचणारी मी. घरातली लिपी मात्र मला येत नव्हती. वही मी त्यांच्या हातात दिली. "उरलेलं?" ते म्हणाले. "आज नको," मी म्हणाले, कारण घरात कुणी नव्हतं.

तीन दिवसांनी आप्पाजींचं पत्र आलं. अण्णांनी चहा घेता घेता मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"वंशावळ वाचली. हस्ताक्षर घाईचे असले तरी अडचण पडली नाही. पुढील बाबींचा खुलासा व्हावा. आपले मूळ आडनाव कंदिले असल्याचे आपण बोलला नव्हता..."

अण्णा थांबले. आई म्हणाली, "कोण कंदिले?" अण्णांनी पत्र खाली ठेवलं, उठून कपाटाशी गेले, आत बघितलं. परत येऊन बसले. पुढचं त्यांना वाचवेना, ते मी वाचलं.

"नवाकोट म्हणजे कन्नडातले आपले होसकोटे असे धरून तेथील माझ्या मावसभावास विचारले. तेथे कंदिले कुणीच नाहीत. थोरले राय व धाकटे देव यांत बेबनाव होऊन देव हे दोन वर्षे हंबीर यांजकडे राहिले असे दिसते. हे हंबीरराव कोण? तेथून त्यांस पोलिसांनी परत का पाठविले? घराण्यात मद्यपान आहे काय? गोत्र कोठेही आढळले नाही. शुक्रवारी सायंकाळी यावे. मुलीलाही आणावे. आमच्या मंडळींना जिना उतरवत नाही, त्यांनी अद्याप तिला पाहिलेले नाही."

मग आई म्हणाली, "अहो, हंबीरराव कोण?"

"हंबर्ग."

"कोण?"

"जर्मनीतलं बंदर आहे. तिथे ही मुलं वाजवायला गेली होती."

आई खालीच बसली. "माझ्या मुलीचं लग्न जर्मनीतल्या बंदरावर अडलं."

"राय म्हणजे रॉय. देव म्हणजे डेव्ह," अण्णा म्हणाले. विचारलं नव्हतं कुणी.

वही मी दिली होती. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, ते जास्त लागलं. आईने रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता उपाय काढला. वही एका स्नेह्यांची आहे, ठेवायला दिली होती, चुकून आली, असं सांगायचं.

"कुठल्या स्नेह्यांची?"

"मेलेल्या सांगा. म्हणजे कुणी भेटायला बोलवणार नाही."

"खरं सांगितलं तर?"

"काय सांगाल? पंचेचाळीस पिढ्यांचं घराणं, नि घरातला कर्ता पुरुष शनिवारी विलायती ढोल ऐकत बसतो? ते आप्पाजी तंबोऱ्याशिवाय दुसरं वाद्य मानत नाहीत असं ऐकलंय."

अण्णा खोटं बोलत नसत; त्यांना ते जमतच नसे. पण माझ्याकडे एकदा बघून ते कन्नडात "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. शुक्रवारपर्यंत मी त्यांना दाढी करताना आरशापुढे पुटपुटताना ऐकलं: "ती वही एका स्नेह्यांची."

मल्लेश्वरमला आप्पाजींचं घर वरच्या मजल्यावर होतं. आजींनी मला आत बोलावून हात हातात घेतला, हनुवटी वर केली नि "सरी आहे," म्हणाल्या. मला बाहेरच्या खोलीच्या दाराशी पाटावर बसवलं. गुरुराज समोरच्या खिडकीशी उभे होते. आप्पाजी गादीवर. पुढ्यात बैठ्या मेजावर लाल वही, तीत कागदाचे सात-आठ तुकडे खुणेसाठी घातलेले.

अण्णांनी कॉफीची वाटी खाली ठेवली. "आप्पाजी, ती वही एका स्नेह्यांची. चुकून आली."

"स्नेह्यांची? कुठल्या?"

अण्णा पुढचं पाठ करून आले नव्हते. "कंदिल्यांची," ते म्हणाले.

"म्हणजे आहेत कंदिले!"

"आहेत. म्हणजे होते."

"बरं झालं तुमचे नाहीत ते." आप्पाजींनी निःश्वास टाकला. "तीन दिवस झोप नाही मला. एवढ्या चांगल्या मुलीचं हे घराणं, म्हटलं! आता मोकळेपणी बोलतो, हयवदनराव. माणसं वाईट. तो राय गर्विष्ठ. देव पळपुटा. पण सगळ्यांत वाईट तो बारी. खाल्ल्या घराचे वासे मोजणारा. मंडळी अडचणीत आली तशी सोडून गेला. बेइमान!"

सगळं सुरळीत झालं होतं. अण्णांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं. आत आजी ताटात विड्याची पानं मांडत होत्या. मी अण्णांच्या पायाकडे पाहिलं. उजवा अंगठा हलायला लागला होता.

"बेइमान?" अण्णा म्हणाले.

"मग काय?"

"सोडून नाही गेला तो. त्याला काढलं. आणि काढलं ते पत्र पाठवून, समोर बसवून बोलायची कुणाची छाती झाली नाही. आदल्या दिवशीपर्यंत त्यांच्याबरोबर वाजवत होता. ताप अंगात असताना वाजवत होता! तुम्ही बाविसावं पान वाचलं नाहीत?"

"काय वाजवत होता?"

"ड्रम," अण्णा म्हणाले, नि मग त्यांच्या लक्षात आलं.

अण्णांनी उपरणं सारखं केलं. "आप्पाजी, मी खोटं बोललो. ते माझे स्नेही नाहीत. त्यांना माझं नावही माहीत नाही. इंग्लंडातली मुलं आहेत, गिटार वाजवतात. मी..." ते अडखळले. "मी ऐकतो." 'पितो' म्हणावं तसं म्हणाले ते.

आप्पाजींनी चष्मा लावून वही जवळ ओढली. खुणेचं पहिलं पान उघडलं.

"हंबीरराव?"

"हंबर्ग. गाव आहे."

"नवाकोट?"

"न्यूकासल."

"कंदिले?"

"लँटर्न्स. नुसते कंदील. आडनाव नाही ते."

एकेक उत्तराबरोबर आप्पाजींची मान खाली जात होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की लाज आमची जाणार नव्हती, त्यांची जाणार होती. अख्ख्या मल्लेश्वरमला मोडी वाचून दाखवणारा माणूस. होसकोट्याच्या मावसभावालासुद्धा कामाला लावून बसला होता. असा माणूस, ज्यांच्यामुळे त्याचं हसं झालं, त्यांना पुन्हा जिना चढू देत नाही. गुरुराजही खिडकीबाहेर बघायला लागले होते. उरलेली गोष्ट उरलेलीच राहणार, हे मला स्वच्छ दिसलं.

अण्णा पुढे सरकले. "चूक तुमच्या वाचण्यात नाही, आप्पाजी. माझा हात वाईट. रफार मी अर्धाच टाकतो, वेलांटीसारखा दिसतो. हंबर्गचं हंबीर कुणीही वाचेल."

इथे एक सांगायला हवं. अण्णांना कसलाच गर्व नव्हता, एक सोडून. कारखान्यातल्या मोठ्या नकाशांवरची अक्षरं त्यांच्याचकडून काढून घेत. आपला हात वाईट आहे असं त्यांनी आयुष्यात एकदाच म्हटलं, ते त्या दिवशी.

आप्पाजींनी मान वर केली. "वाईट आहे खरा."

"हो."

"रफार असा नसतो." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "हा असा. इथून उचलायचा नि असा फिरवायचा."

"असा होय," अण्णा म्हणाले. दोघांची डोकी वहीवर वाकली. त्यांनी अण्णांना तीनदा 'हंबर्ग' लिहायला लावलं नि तिसऱ्याला "आता बरं," म्हणाले. त्यांना आवाज परत सापडला होता. तो सापडल्यावर ते आधी रागावले.

"पण हयवदनराव, कुळाची वंशावळ नि ह्या बैराग्यांचा पसारा एका कापडात बांधतं का कुणी? आणि एकीच्या जागी दुसरी काढून देणारं कोण ते?"

"मी," मी म्हणाले. त्या घरातला माझा पहिला शब्द. "मला मोडी येत नाही. वर श्री होती, म्हणून दिली."

"वाचायच्या आधी दिलीस?"

"हो."

"आणली मी," खिडकीशी गुरुराज म्हणाले. "वाटेत उघडून पाहिली होती मी, आजोबा. चांगली दहा मिनिटं. काहीच कळलं नाही. मला वाटलं, वंशावळच असणार."

"माझा नातू!"

"तुम्ही शिकवली नाहीत."

"तू बसलास कधी?" आप्पाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वही मिटली. "दोघंही सारखीच अडाणी. आता पत्रिका आणखी कुठे जुळवत बसू?"

आधी हसल्या त्या आतल्या आजी.

खरी वंशावळ रविवारी आणून द्यायची ठरली. ती तंजावरापर्यंत निर्दोष निघाली, हे इथेच सांगून टाकते. निघताना अण्णांनी लाल वहीकडे हात केला. आप्पाजींनी ती मांडीखाली सरकवली. "राहू दे. माझी अजून संपलेली नाही. त्या बारीचं पुढे काय झालं?"

"अजून कळलं नाही."

"कळलं की सांगा. अन्याय झाला त्याच्यावर."

बसस्टॉपवर अण्णा गप्प होते. मुलगी जाणार म्हणून असतील, असं वाटून मीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वसू, त्यांनी पानाचा कोपरा दुमडला, पाहिलंस?"

"पाहिलं."

"असो." मग थोडं थांबून, "मुलगा चांगला आहे. वाटेत उघडून पाहिली म्हणाला. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं."

वैशाखात माझं लग्न झालं. आमच्यात बाप मुलीच्या घरी कारणाशिवाय जात नाही, गेला तर पाणी घेत नाही. आईने मला निघतानाच बजावलं होतं, "वाट बघू नकोस हं, हे नियमाचे कडक आहेत." लग्नानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर अण्णा, घामाघूम, जिना एका दमात चढून आलेले.

"आप्पाजी आहेत का?" ते म्हणाले. "त्यांच्याकडे काम होतं."

मला 'बरी आहेस ना' असंही विचारलं नाही. आत जाऊन बसले. मी पाण्याचं भांडं पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"बारीला परत घेतला," ते आप्पाजींना म्हणाले.

आप्पाजींनी चष्मा लावला. "कुणी? रायनं?"

"रायनं स्वतः. घरी जाऊन."

हकीकत तासभर चालली. सांगत ते आप्पाजींना होते, पण दर दोन वाक्यांनी नजर वर करून, दाराशी उभ्या असलेल्या माझ्या हातात बांगड्या सैल झाल्यात का, ते बघून घेत होते.

नंतरची चार वर्षं ते रविवारी येत राहिले. त्या मुलांमध्ये दर आठवड्याला काही ना काही घडतच होतं. कुणी आजारी पडे, कुणी रुसे, कुणी दत्तक जाई नि पुन्हा परत येई. साप्ताहिकं तर बोटीने, तीन महिन्यांनी, एकगठ्ठा यायची. इतकं सगळं त्यांना कळत कुठून होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.